फिरत्या कपाटापलीकडे

पायाखालची माती तांबडी आहे. आपल्याकडची काळी, पावसात चपलेला धरून बसणारी माती इथे नाही. तुम्ही हिंगोलीहून आला आहात. जुन्या गोव्यात बाकीचे लोक बाँ जेझू चर्चच्या रांगेत उभे आहेत आणि तुम्ही पश्चिमेच्या चढाला लागला आहात. या टेकडीला पोर्तुगीज 'मोंते सांतो' म्हणत, म्हणजे पवित्र टेकडी. एकीकडे सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा अर्धा उरलेला मनोरा आहे, 46 मीटर उंच. त्याच्यासमोर एक लांबच लांब भिंत उभी आहे, बाहेरून दगडी टेकू दिलेली, किल्ल्यासारखी.

ही सांता मोनिका. बायकांचा मठ.

मठ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे हिंगोलीतला खाकीबाबांचा मठ येतो, दसऱ्याच्या दिवसांतला. गर्दी, धूळ, रामलीलेचे आवाज, खांद्यावर बसलेली पोरं. इथे तसं कधी नव्हतं. ही भिंत घातली तीच मुळी बाहेरच्या नजरेला आतलं काही दिसू नये म्हणून.

हात भिंतीला लावा. चिऱ्याचा दगड खरखरीत असतो, बारीक भोकांचा. वरचा चुना जिथे निघालाय तिथे बोट टेकवा आणि मागे चला.

1931. पाठीमागे जमीन हादरते. ऑगस्टीनच्या मनोऱ्याचा अर्धा भाग आणि चर्चचा दर्शनी भाग कोसळलाय. पण ऐकायला टेकडीवर फारसं कुणी नाही. शहर कधीच रिकामं झालंय. साथींनी माणसं नेली, उरलेली पणजीकडे सरकली. अजून मागे जा.

1885 च्या आसपास. आत एकच म्हातारी नन उरलीय, तीही आता जाणार. तिच्यानंतर कुणी यायचं नाही, कारण नव्या मुली घ्यायला बंदी आहे. शंभरेक बायकांसाठी बांधलेल्या घरात एका बाईच्या पावलांचा आवाज कसा येत असेल, याची कल्पना करून पाहा. औंढा नागनाथच्या देवळात भर दुपारी, गर्दी ओसरल्यावर, आपल्याच पायांचा आवाज खांबांना लागून परत येतो ना? तसा.

तीस वर्षं मागे, 1855. गंमत बघा, याच सुमाराला तिकडे तुमच्या हिंगोलीत, छावणीच्या गावात, खाकीबाबा मठाचे मानदासबाबा दसऱ्याचा उत्सव सुरू करताहेत, असं गाव सांगतं. तिथे एक मठ आपलं अंगण गावाला देतोय. इथे एक मठ माणूस-माणूस करून विझतोय.

1835. टेकडीवर धावपळ आहे. पोर्तुगालमध्ये आदल्या वर्षी फर्मान निघालं की साधूंचे सगळे संघ बरखास्त. शेजारचे ऑगस्टिनियन फादर चालते झाले. नन्सना मात्र मरेपर्यंत राहायची मुभा मिळाली. ही मुभा म्हणायची की काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा. सात वर्षांनी समोरच्या चर्चची कमान कोसळेल, आणि या बायकांनी तो आवाज भिंतीच्या आतूनच ऐकला असेल.

आता मोठी उडी घ्या. 1636. चुन्याचा वास संपून जळक्या लाकडाचा वास येतो. मठाला आग लागलीय. ज्या साली तिकडे आपल्या मुलखात निजामशाही कायमची बुडाली, तेच हे साल. शहाजीराजे आदिलशाहीत गेले, शिवबा जेमतेम सहा वर्षांचे. मठ पुन्हा बांधतील, आज दिसतो तो त्यानंतरचा. याच वर्षी इथल्या क्रूसावरच्या ख्रिस्ताने डोळे उघडले, जखमांतून रक्त आलं, अशी श्रद्धा आहे. तो क्रूस अजून आत आहे आणि लोक अजून त्याच्यापुढे गुडघे टेकतात.

आणि आता थांबा, कारण दार आलं. सुरुवातीची वर्षं आहेत. गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी 1606 मध्ये या मठाचा पाया घातला. काम पुरं व्हायला 1627 उजाडेल. पोर्तुगिजांच्या पूर्वेकडच्या मुलखातला बायकांचा हा पहिलाच ख्रिस्ती मठ. तुम्ही सोळा-सतरा वर्षांची मुलगी आहात, बापाबरोबर टेकडी चढून आला आहात. बापाने लग्नासाठी ठेवलेला हुंडा आता मठाला द्यायचाय, कारण इथे यायलाही हुंडा लागतो. पुढे गोवा शहराची नगरसभा याच कारणावरून मठाशी भांडेल: पैसा मठात साचतोय, मुली लग्नाला उरत नाहीत. नन्सच्या संख्येवर शंभरची मर्यादा घातली जाईल. या भांडणात सगळे बोलतील, आर्चबिशप, नगरसभा, पोर्तुगालचा राजा. तुम्हाला कुणी विचारणार नाही.

दार लागतं. आत सगळ्या सारख्या नाहीत, हे पहिल्याच दिवशी कळतं. मोठ्या घरच्या मुलींना काळा बुरखा, त्या प्रार्थनेला पुढे. पांढऱ्या बुरख्याच्या बायका कामाला. आणि त्यांच्याही खाली नोकराण्या आणि विकत घेतलेल्या दासी, ज्यांनी देवासाठी घर सोडलेलं नाही. त्यांना कुणीतरी सोबत आणलंय. मला या मठाच्या इतिहासात सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. जनाबाई गंगाखेडची, आपल्या शेजारची. नामदेवांच्या घरी दळणकांडण करता करता तिने विठ्ठलाला हाक मारली आणि ती हाक सातशे वर्षं टिकली. इथल्या जनाबाईंनी कुणाला हाका मारल्या असतील, कोणत्या भाषेत, हे कुठेच उरलेलं नाही.

भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात लाकडाचं गोल, उभं कपाट बसवलंय, मधल्या खुंट्यावर फिरणारं. अशा बंद मठांत त्याला 'रोदा' म्हणतात, म्हणजे चाक. बाहेरचा माणूस त्यात पीठ ठेवतो, अंडी ठेवतो, चिठ्ठी ठेवतो आणि ढकलतो. कपाट करकरत फिरतं आणि ठेवलेलं आत येतं. आतली बाई तयार वस्तू ठेवते, ढकलते. ती बाहेर जाते. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, फक्त हाताची धग लाकडाला लागलेली असते. आजही तुम्ही बेबिंका खाता, ती अशाच कपाटातून बाहेर आली असेल. बेबियाना नावाच्या इथल्या ननने ती पहिल्यांदा केली, अशी गोव्यात कथा आहे. नारळाचा रस, अंड्यांचा बलक, साखर, मैदा. एक थर ओतायचा, वरून निखाऱ्यांची आच द्यायची, तांबूस झाला की तूप आणि पुढचा थर. सात थर. घाई केली की बिघडते. कथा खरी-खोटी कशीही असो, ज्या बाईला वेळच वेळ होता तिचाच हा पदार्थ आहे.

1627. शेजारी ऑगस्टीनच्या चर्चमध्ये एक पेटी येते. तिच्यात जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी आहेत. इराणच्या शाह अब्बासने 1624 मध्ये शिराझला तिचा छळ करून जीव घेतला. धर्म सोडायला ती तयार नव्हती. अस्थी पुरल्या गेल्या आणि हरवल्या. 2004 मध्ये पुरातत्त्व खात्याला चर्चच्या अवशेषांत एक हाड सापडलं. ते हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेत गेलं, डीएनए जुळवला गेला आणि 2021 मध्ये अस्थींचा भाग भारताने जॉर्जियाला दिला. एका हाडावरून एका बाईचं नाव परत मिळालं. ती राणी होती, तिच्या मागे देश होता. भिंतीच्या या बाजूच्या बायकांचं असं काही होणार नाही, हे तुम्हाला इथे उभं राहून आतून कळतं.

आता पुढे या, भराभर. पोर्तुगीज गेले. 1964 पासून मठाच्या एका भागात मातेर देई संस्था आली, नन्सना शिकवणारी, म्हणजे बायका परत आल्या, पण जाता-येता येणाऱ्या. आणि ख्रिस्ती कला संग्रहालय, जे 1994 मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं होतं, ते 2002 मध्ये इथे हलवलं. लिस्बनच्या गुलबेंकियान फाउंडेशनचा त्याला आधार होता. मग वास्तूची दुरुस्ती झाली आणि 2022 मध्ये नव्याने दारं उघडली.

तिकीट काढा, आत चला. औंढ्याच्या गाभाऱ्यात आपण अंग चोरून, वाकून उतरतो, तसं इथे काही करावं लागत नाही. तुम्ही ताठ मानेने आत जाता, आणि हीच या जागेतली नवी गोष्ट. जिथे कुणाची नजर जाऊ नये म्हणून चारशे वर्षांपूर्वी गज लावले, तिथे आता दिवे लावलेत. नजर जावी म्हणून.

हस्तिदंताचा बाळ येशू आहे, डोळे मिटलेला, गाल हातावर. जवळ जा. चेहरा, बोटं, बसण्याची ढब पाहा. आपल्याकडच्या मूर्तिकाराच्या हाताची सवय त्यात लगेच ओळखू येते. 1567 च्या धर्मपरिषदेने हिंदू कारागिरांकडून असल्या वस्तू करून घेऊ नयेत असं बजावलं होतं. बजावावं लागलं, याचा अर्थ करून घेतल्या जात होत्या.

मग चांदीचं पेलिकन येतं. सतराव्या शतकातलं, याच मठाचं. पिल्लांना पाजायला हा पक्षी स्वतःच्या छातीला चोच मारून रक्त काढतो अशी युरोपात जुनी समजूत. म्हणून तो ख्रिस्ताचं चिन्ह. पंखांचं एकेक पीस वेगळं उठवलंय. ज्यांच्या डोळ्यांसमोर हे रोज होतं त्या बायका घर सोडून आलेल्या, मूल नसलेल्या. त्यांच्यातली एखादी या पिल्लांकडे किती वेळ बघत बसली असेल?

संध्याकाळ होते. तुम्ही बाहेर येता, टेकूच्या सावलीत उभे राहता. फोन वाजतो. औंढ्याहून आई.

"काय पाह्यलं मग तिकडं?"

"मठ पाह्यला. बायकांचा. चारशे वर्षांपूर्वीचा."

"बायकांचा?" आई क्षणभर गप्प. मागे कुकरची शिट्टी. "मग त्यांचं दुखलं-खुपलं तर करायचं कोण? माहेरची येत असतील ना भेटायला?"

तुम्ही सांगायला लागता, की आई, भिंतीत एक कपाट होतं, फिरणारं.