घासणीने घासायची गाडी

मागच्या उन्हाळ्यात जुन्या गाड्यांचा एक मेळावा बघायला गेलो होतो. तिथे एक आजोबा आपल्या डीलोरियन गाडीचं दार चक्क घासणीने घासत होते! आपल्याकडे भांड्यांना हिरवी घासणी वापरतात ना, तिच्याच जातीची. दुसऱ्या गाडीचा रंग पार गेला असता. पण या गाडीला रंगच नाही. वरचा सगळा पत्रा उघडं स्टेनलेस स्टील, ब्रश्ड फिनिशचं.

ब्रश्ड फिनिश म्हणजे काय, तर एकाच दिशेने ओढलेले हजारो बारीक ओरखडे. चुकून नवा ओरखडा पडला, तर शेजारी तसेच आणखी ओढायचे, की तो गर्दीत हरवतो. रीत सोपी आहे. पत्रा धुऊन तेलकटपणा काढायचा, कोपऱ्यात करून बघायचं, मग मूळ रेघांच्याच दिशेने सरळ हात फिरवायचा. गोल फिरवला की संपलं! लोखंडी तारेची घासणीही नको, तिचे कण पत्र्यात अडकून गंजतात. घासल्याने स्टेनलेसपणा मात्र जात नाही. या ३०४ जातीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम असतं. त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर गंज रोखतो, आणि खरवडला तरी हवेत पुन्हा आपोआप तयार होतो.

आता या गाडीचा इतिहास. जनरल मोटर्समधला बडा अधिकारी जॉन डीलोरियन याने नोकरी सोडून १९७५ मध्ये स्वतःची कंपनी काढली. कारखाना कुठे, तर उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टजवळच्या डनमरीला! तिथे कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्ष पेटलेला, बेकारी भयंकर. रोजगार येईल या आशेने ब्रिटिश सरकारने १९७८ मध्ये करार केला आणि पुढे सुमारे ८ कोटी पौंड ओतले. कारखान्याच्या एका बाजूला कॅथलिक वस्ती, दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट. दोन्हीकडची माणसं तिथे एकत्र काम करू लागली. बहुतेकांनी त्याआधी गाडी कधी बांधलेली नव्हती. १९८१ च्या सुरुवातीला उत्पादन सुरू झालं. त्याच वर्षी तुरुंगातल्या उपोषणांमुळे बेलफास्ट पेटलं होतं, पण गाड्या बाहेर पडत राहिल्या.

घात केला तो बाजाराने. किंमत २५,००० डॉलर, आणि अमेरिकेत मंदी. फेब्रुवारी १९८२ मध्ये कंपनीचा कारभार रिसीव्हरकडे गेला, वर्ष संपता संपता उत्पादन थांबलं. ऑक्टोबरमध्ये खुद्द डीलोरियनला कोकेनच्या प्रकरणात अटक झाली. १९८४ मध्ये तो निर्दोष सुटला, पण तोवर कारखाना गेला होता आणि अडीच हजारांवर माणसं घरी बसली होती. ‘बॅक टु द फ्यूचर’ने गाडी जगप्रसिद्ध केली ती १९८५ मध्ये. उशीरच झाला म्हणायचा!

एकूण गाड्या बनल्या सुमारे ९,०००. पत्रे दाबायचे काही साचे तर पुढे गॉलवेच्या किनाऱ्यावर मासे पाळायच्या जाळ्यांचे नांगर म्हणून समुद्रात गेले. मग जुना पत्राच जपायला हवा. खोल पोचा आला तर पंचाईत, कारण रंग नसल्यामुळे पुट्टी भरून लपवता येत नाही. तिथे हातोडीचा कसबी कारागीरच लागतो.

ओरखड्याला मात्र कारागीर लागत नाही. म्हणूनच निम्म्याहून जास्त गाड्या अजून शिल्लक आहेत, त्याला या फिनिशचाही हातभार आहे असं माझं मत. मालक गेला, कंपनी गेली, साचे गेले, तरी दुरुस्तीचं ज्ञान आणि हत्यार दोन्ही घरात राहिलं.

आजोबांनी शेवटी ओल्या फडक्याने दार पुसलं. ओरखडा मला सापडला नाही. डनमरीतल्या ज्या हातांनी ते दार बसवलं असेल, त्यांना गाड्या बांधायला मिळाली ती जेमतेम दोन वर्षं.