अपार्टमेंट मालक संघ व सदनिकामालक यांच्यातील वाद (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० लागू असलेल्या इमारतींमध्ये सदनिकामालक आणि मालकांचा संघ यांच्यात देखभाल खर्च, सामायिक जागांचा वापर, हिशेब आणि उपविधींचे पालन यांवरून वाद उद्भवतात. त्यांचे निवारण या अधिनियमातील तरतुदी, इमारतीचे नोंदणीकृत घोषणापत्र आणि उपविधी यांच्या आधारे होते.

== संघ आणि सहकारी संस्था ==
बोलीभाषेत दोन्हींना 'सोसायटी' म्हटले जात असले तरी कायद्याने त्या भिन्न आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थेत जमीन व इमारत संस्थेच्या नावे होते आणि सदनिकाधारक तिचा सभासद असतो. अपार्टमेंट पद्धतीत प्रत्येक जण आपल्या सदनिकेचा मालक असतो. शिवाय जमीन, जिना, उद्वाहन, गच्ची इत्यादी सामायिक क्षेत्रांत त्याचा अविभक्त हिस्सा असतो. या हिश्श्याची टक्केवारी घोषणापत्रात नमूद केलेली असते. संस्थेच्या सभासदाचा वाद सामान्यतः सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ अन्वये सहकार न्यायालयात जातो. त्यामुळे आपली इमारत कोणत्या कायद्याखाली येते, हे घोषणापत्रावरून आधी पाहावे लागते. ते न पाहता केलेल्या तक्रारीत बराच काळ वाया जाऊ शकतो.

== देखभाल खर्च ==
सर्वाधिक कटुता याच विषयावर दिसते. सहकारी संस्थांमध्ये सेवाशुल्क साधारणपणे सर्व सदनिकांना समान असते. १९७० च्या अधिनियमाचे कलम १० मात्र सामायिक खर्च अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात आकारावा, असे सांगते. म्हणजे मोठ्या सदनिकेच्या मालकाला अधिक रक्कम द्यावी लागते. उद्वाहन किंवा पहारा सर्वजण सारखाच वापरतात, हा मोठ्या सदनिकांच्या मालकांचा युक्तिवाद व्यवहारात पटण्यासारखा असला, तरी कलमाच्या शब्दांत त्याला जागा नाही. पुण्यातील एका संकुलात समान आकारणीविरुद्ध लहान सदनिकांच्या मालकांनी तक्रार केली. सहकार खात्याच्या उपनिबंधकाने हिश्श्याच्या प्रमाणात आकारणी करण्याचा आदेश दिला. त्याला दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अमान्य केले.

सामायिक सुविधा वापरत नाही किंवा सदनिका बंद आहे, या कारणाने खर्चातून सूट मिळत नाही.

== निवारणाचे मार्ग ==
प्रथम व्यवस्थापक मंडळाकडे लेखी अर्ज करून हिशेब मागणे आणि विषय सर्वसाधारण सभेत मांडणे, हा नेहमीचा क्रम आहे. त्याची पोच व सभेचे इतिवृत्त पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतात. उपविधी किंवा घोषणापत्राचा भंग झाल्यास येणे रक्कम, नुकसानभरपाई अथवा मनाई हुकूम यांसाठी दावा करता येतो. तो संघाच्या वतीने व्यवस्थापक मंडळ, तसेच योग्य प्रकरणी बाधित मालक स्वतः दाखल करू शकतो. विकासकाने राहिलेली कामे पूर्ण न केल्याची तक्रार संघाविरुद्ध नव्हे, तर विकासकाविरुद्ध महारेराकडे नेता येते.

== थकबाकी ==
न भरलेल्या सामायिक खर्चाचा सदनिकेवर बोजा निर्माण होतो. शासकीय व नगरपालिकेचे कर आणि पहिल्या गहाणाची रक्कम वगळता तो इतर बोजांच्या आधी येतो. वसुलीसाठी पाणीपुरवठा तोडण्याची तरतूद अधिनियमात नाही. सदनिका विकल्यास थकबाकीसाठी विक्रेता व खरेदीदार दोघेही जबाबदार असतात. मात्र खरेदीदार संघाकडून थकबाकीचे विवरण मागू शकतो आणि त्यात दर्शविलेल्या रकमेपलीकडे त्याचे दायित्व राहत नाही.