तळ्यातल्या बर्फाचं पीक

गोठलेलं तळं, बर्फाचे ठोकळे ओढून घसरगाडीवर चढवणारी माणसं, मागे शेतघर. ‘विंटर इन द कंट्री : गेटिंग आइस’ हे चित्र न्यूयॉर्कच्या करियर अँड आइव्ह्ज या छापखान्यानं १८६४ मध्ये विक्रीला काढलं. मूळ चित्रकार जॉर्ज हेन्री ड्युरी, कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचा. हिवाळ्यातली शेतघरं हा त्याचा हातखंडा. छापील चित्र निघालं त्याच्या आदल्या वर्षीच, ४३व्या वर्षी तो वारला होता.

आपल्याकडची जुनी पोथी-पंचांगं ज्या शिळाप्रेसवर निघत, त्याच कलेनं हे चित्र छापलं. बव्हेरियातल्या आलॉइस झेनेफेल्डरनं अठराव्या शतकाच्या शेवटी ती शोधली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाई फिरवायची. शाई पाण्याला झिडकारते, तेलकट रेघांना चिकटते. करियरकडे छाप बहुधा काळाच निघे. रंग नंतर हातानं भरत. छोट्या चित्रांसाठी बायका ओळीनं बसत आणि एकेकीकडे एकच रंग असे. शेतावरच्या निवांत कष्टांची चित्रं अशी कारखान्याच्या शिस्तीत तयार होत, आणि त्या बायकांची नावं चित्रावर कुठेच नसत.

शेतकऱ्याला बर्फ हवा असे तो उन्हाळ्यात दूध-लोणी टिकवायला. थंडीत शेतीची कामं कमी, तेव्हा बर्फ कापून लाकडाच्या भुशात साठवून ठेवत. पण चित्र छापलं गेलं तोवर बर्फ हा मोठा धंदाही झाला होता. मॅसॅच्युसेट्समध्ये नॅथॅनिएल वायथनं १८२०च्या दशकातच घोड्यानं ओढायचा बर्फ-नांगर काढला होता. तळ्यावर चौकटी आखून एकसारखे ठोकळे कापता येऊ लागले. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं १८३३ मध्ये कलकत्त्याला १८० टन बर्फ जहाजानं पाठवला. वाटेत बराच वितळला, तरी सुमारे १०० टन पोचला! पुढच्याच वर्षी मुंबईतही अमेरिकी बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, आणि यजमान-पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’नं छापली.

चित्रात यातलं काहीच नाही. जहाज नाही, मजुरांचे ताफे नाहीत, आणि देशात यादवी युद्ध पेटलेलं असताना त्याची खूणही नाही. माझ्या मते हे चित्र शहरातल्या गिऱ्हाइकासाठीच होतं. दिवाणखान्यात टांगायला त्याला गाव हवं होतं, पण शांत, नीटनेटकं. ड्युरीच्या हातात ते होतं. म्हणूनच तो गेल्यावरही कंपनी त्याची चित्रं छापत राहिली. ‘होम टू थँक्सगिव्हिंग’ तर १८६७चं.

पुढे रंगीत छपाईची यंत्रं आली, छायाचित्रं आली आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. १९०७ मध्ये कंपनी बंद झाली. तिच्या बहुतेक शिळांवरची चित्रं घासून काढली आणि कोरे दगड वजनावर विकून टाकले.