कथेचे नियम कोणाचे? फडके, अण्णाभाऊ आणि बागूल



आमच्या रिठदमध्ये (ता. रिसोड, जि. वाशीम) लिहू पाहणारी पोरं मला नेहमी विचारतात, "दादा, कथेचे नियम पाळायचे की मोडायचे?" उत्तर आपल्याच साहित्याच्या इतिहासात आहे.

मराठीत कथा-कादंबरीचं तंत्र पद्धतशीर मांडलं ना. सी. फडक्यांनी. त्यांचं 'प्रतिभासाधन' १९३१ साली आलं. वेधक सुरुवात, गुंतागुंत, उत्कंठा, परिणामकारक शेवट हे त्यांचे धडे. सोबत 'कलेसाठी कला' ही भूमिका आणि पांढरपेशा नायक. यातलं तंत्र कोणतं आणि जातवर्गाची सवय कोणती, हे वेगळं करायला हवं.

अण्णाभाऊ साठेंनी ते केलं. त्यांची 'फकिरा' १९५९ साली आली. संघर्ष चढत नेणारं कथानक त्यांनी ठेवलं, पण नायक केला मांगवाड्यातला, भुकेल्यांसाठी धान्य लुटणारा. आणि कादंबरी अर्पण केली बाबासाहेबांना.

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो आणि जात लपवून राहतो. तो कधी पकडला जाईल, ही धास्ती वाचकाला शेवटपर्यंत सोडत नाही. म्हणजे उत्कंठेचा नियम बागुलांनी पाळला! फरक एवढाच, की ही उत्कंठा रचलेली नाही. जातिव्यवस्थेत ती माणसाला रोज जगावी लागते. मोडला तो नियम दुसरा: कलेने वाचकाला सुखावलंच पाहिजे, हा.

आता माझी चूक सांगतो. माझी पहिली कथा एका संपादकाने 'भाषा शुद्ध करा' म्हणून परत पाठवली. मी आजीची वऱ्हाडी पुस्तकी केली. कथा छापून आली, पण त्यातली आजी माझी राहिली नव्हती.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. जो नियम आपलं म्हणणं वाचकाच्या काळजापर्यंत नेतो, तो बिनधास्त उचला. तंत्र कोणाची जहागीर नाही. जो नियम आपली माणसं, त्यांची बोली, त्यांचा राग झाकायला सांगतो, तो नाकारा. पण विद्रोहाच्या नावाखाली कच्चं लिहू नका. बागूल विद्रोही होते, म्हणून त्यांनी कथा ढिली सोडली नाही.

आधी नियम शिका. मग विचारा, हा कोणाच्या सोयीचा?

जय भीम!