जुन्या पुलांना नवे बळ

श्रोतेहो, दारावर येणारा कल्हईवाला आठवून पाहा. कथील लावण्याआधी तो भांडे किती वेळ घासत बसे! मळ राहिला तर कल्हई धरत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. आज आम्ही ज्या विद्येचा इतिहास सांगणार आहोत, तिचेही मर्म या घासण्यातच आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत लोखंडी पूल उभे राहिले ते घोडागाड्यांसाठी आणि लहान आगगाड्यांसाठी. पुढे भार वाढला, पूल गंजले, शिणले. त्यांना पोलादाची नवी पट्टी जोडावी, तर वेल्डिंगच्या आचेने जुने बीड तडकते. बोल्ट मारावेत, तर प्रत्येक भोकापाशी चीर पडण्याचे भय. अशी चीर काय करते? ओहायो नदीवरील 'सिल्व्हर ब्रिज' १५ डिसेंबर १९६७ रोजी एका दुव्यातील बारीक चिरेपायी कोसळला आणि ४६ माणसे प्राणास मुकली.

यावरचा उपाय पूल बांधणाऱ्यांच्या आधी विमाने राखणाऱ्यांना सापडला. १९६०च्या दशकात इंग्लंडात फार्नबरोच्या विमान-संशोधन संस्थेत कार्बनचे बळकट तंतू करण्याची रीत सिद्ध झाली. १९७०च्या दशकात मेलबर्न येथे अॅलन बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानांच्या चिरलेल्या पत्र्यांवर बोरॉन तंतूंची ठिगळे इपॉक्सी राळेने चिकटविली. नवे भोक पाडावेच लागले नाही.

हीच युक्ती पुढे पुलांकडे आली. इंग्लंडातील न्यूपोर्ट पॅग्नेलचा टिकफर्ड पूल बिडाचा, १८१० सालचा. १९९९ साली त्याला कार्बन तंतूंचे थर चिकटवून बळ देण्यात आले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील डेलावेअर राज्यात, ९५ क्रमांकाच्या महामार्गावरील एका पुलाच्या पोलादी तुळईला कार्बनच्या पट्ट्या लागल्या.

काम दिसते सोपे, पण ते तसे नाही. पुलावरचा भार पट्टीत शिरतो तो राळेच्या पातळ थरातून. म्हणून आधी कणांचा मारा करून गंज, रंग, तेलकटपणा काढावा लागतो आणि उघडे पोलाद पुन्हा गंजण्यापूर्वी राळ लावावी लागते. शिवाय कार्बन पोलादाला भिडला आणि ओल मिळाली, की विजेचा घट तयार होऊन पोलादच झिजते. यास्तव मध्ये काचतंतूंचा थर घालतात. थंडपणी सुकलेली साधी राळ साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि पोलाद उन्हात किती तापते हे आपणांस सांगावयास नको. पट्टीच्या टोकांशी ताण एकवटतो. तेथून ती सुटू लागली तर फारशी पूर्वसूचना मिळत नाही.

स्वित्झर्लंडातील म्युन्शेनस्टाइनचा रेल्वेपूल १४ जून १८९१ रोजी गाडीसह कोसळला आणि सत्तराहून अधिक माणसे दगावली. १८९२ साली त्या जागी दुसरा पूल झाला. शंभरी ओलांडल्यावर त्याच्या आडव्या तुळयांना कार्बनचेच साहाय्य मिळाले. परंतु रिव्हेटांनी भरलेल्या त्या पृष्ठावर राळेचा भरवसा न धरता पट्ट्या ताणून पकडींनी आवळण्यात आल्या.

यात नव्या विद्येचा पराभव नाही, तिचे शहाणपण आहे. राळ कोठे धरील आणि कोठे धरणार नाही, हे जाणणाराच खरा दुरुस्तीवाला. पुलावरून रोज जाणाऱ्या माणसाला पट्टी दिसत नाही, राळही दिसत नाही. त्याचा जीव मात्र कोणीतरी नीट घासलेल्या त्या वीतभर पोलादावर अवलंबून असतो.