जर्मनीचा व्हिसा : 1955 पासूनची गोष्ट

पोस्ट जरा लांबली आहे, पण घरातलं कुणी जर्मनीला निघालं असेल तर वाचा.

परवा पुतण्या आला. आयटीआय इलेक्ट्रिशियन, दोन वर्षांचा कोर्स. म्हणाला, "काका, एजंट आधी दोन लाख मागतोय. व्हिसा कुठला ते नंतर बघू म्हणतो." म्हटलं, बाबा, तेच तर आधी बघायचं असतं!

युद्धानंतर पश्चिम जर्मनीत कारखाने जोरात आणि माणसं कमी. 1955 मध्ये इटलीशी करार करून कामगार आणायला सुरुवात झाली, 1961 मध्ये तुर्कस्तानशी. नाव दिलं 'पाहुणे कामगार'. तुर्की करारात मुक्कामाची मुदत दोन वर्षं, बायकापोरांना आणायचा विषयच नाही. पण काम शिकलेला माणूस परत पाठवणं कारखानदारांनाच परवडेना, म्हणून 1964 मध्ये ती अट गेली. त्याच वर्षी दहा लाखावा पाहुणा कामगार म्हणून पोर्तुगालचा सुतार अर्मांदो रॉद्रिगेस कोलोन स्टेशनवर उतरला. बँड, फुलं, मोपेड भेट, पेपरात फोटो. पुढे तो आजारी पडून गावी परतला. आजारपणाचे पैसे मिळण्याचा जर्मनीत आपला हक्क आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. साठवलेलं उपचारात गेलं आणि 1979 मध्ये तो वारला. मोपेड बॉनच्या संग्रहालयात आहे.

1973 मध्ये तेल भडकलं आणि नोव्हेंबरात भरती बंद. गंमत अशी, की बंदीमुळेच बरेच जण थांबले. एकदा गेलं की पुन्हा येणं नाही, मग कुटुंबंच तिकडे बोलावली.

आपल्या लोकांचा नंबर लागला 2000 साली. श्रोडर सरकारचं संगणकवाल्यांसाठीचं 'ग्रीन कार्ड' : मर्यादा 20,000 जणांची, मुदत फार तर पाच वर्षं. नाव अमेरिकेचं, हमी मात्र पाहुण्याचीच. तेवढ्यावरही तिथल्या एका राज्याच्या निवडणुकीत 'भारतीयांऐवजी आपली मुलं' ही घोषणा गाजली.

आज तेच राष्ट्र दार उघडून बसलंय. 2012 मध्ये पदवीधरांसाठी ब्लू कार्ड, 2020 मध्ये कुशल कामगारांचा कायदा, फेब्रुवारी 2024 मध्ये बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याचा आपल्या महाराष्ट्र सरकारशी करार, जूनमध्ये 'संधी कार्ड'. या कार्डावर वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते, पण वर्षाच्या खर्चाचे 13,000 युरोच्या आसपास आधी दाखवावे लागतात. आमच्या घरात ते नाहीत, विषय संपला.

उरले दोन रस्ते. एक, आयटीआयच्या प्रमाणपत्राला तिकडची मान्यता मिळवायची आणि नोकरीचं पत्र हातात घेऊन कामाचा व्हिसा मागायचा. दुसरा 'ऑस्बिल्डुंग', म्हणजे पगार घेत नव्याने काम शिकणं. त्याला जर्मन भाषा साधारण बी-वन पातळीची लागते. व्हिसाची सरकारी फी 75 युरो.

पुतण्याने मोबाइलवर हिशेब केला, दोन लाखांशी ताडून पाहिला आणि गप्प बसला. सोमवारपासून जर्मनच्या क्लासला जातोय. एजंटाचे फोन अजून येतात.