नसबंदीचे संमतीपत्र आणि जमातीचे न्यायालय

अमेरिकेतील मूळनिवासी जमातींच्या आरोग्यसेवेची जबाबदारी केंद्र सरकारच्या ‘इंडियन हेल्थ सर्व्हिस’ या खात्याकडे आहे. 1970 मध्ये कुटुंबनियोजनाचा कायदा होऊन सरकारी निधी मिळू लागला, त्यानंतर या खात्याच्या रुग्णालयांतील नसबंदीबद्दल तक्रारी येऊ लागल्या. ही शस्त्रक्रिया कायमची आहे, हे अनेक स्त्रियांना समजावून सांगितलेच नव्हते. डॉ. कॉनी पिंकर्टन-उरी यांनी हा प्रश्न लावून धरला. सिनेटर जेम्स अबूरेझ्क यांच्या मागणीवरून संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने चौकशी केली.

नोव्हेंबर 1976 च्या अहवालात 12 पैकी 4 विभागांत, 1973 ते 1976 या आर्थिक वर्षांत 3,406 नसबंदी शस्त्रक्रिया झाल्याची नोंद आहे. 21 वर्षांखालील स्त्रियांच्या नसबंदीला स्थगिती असूनही अशा 36 शस्त्रक्रिया झाल्या होत्या. संमतीपत्रे नियमानुसार नव्हती. चौकशीत एकाही स्त्रीचा जबाब मात्र घेतला गेला नाही.

1978 मध्ये केंद्राने सरकारी खर्चाच्या नसबंदीसाठी कडक नियम केले. वय किमान 21 हवे, संमतीनंतर साधारणपणे 30 दिवस थांबावे आणि प्रसूतीच्या कळा सुरू असताना घेतलेली संमती ग्राह्य धरू नये, असे ठरले.

त्याच वर्षी मूळनिवासी स्त्रियांचे दुसरे एक संरक्षण मात्र गेले. वॉशिंग्टन राज्यातील सुक्वामिश जमातीच्या ‘ऑलिफंट’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, मूळनिवासी नसलेल्या आरोपीवर जमातीचे न्यायालय फौजदारी खटला चालवू शकत नाही. त्यामुळे जमातींच्या राखीव प्रदेशात बाहेरच्या पुरुषाने अत्याचार केला, तर बहुतेक ठिकाणी दाद दूरच्या केंद्रीय सरकारी वकिलांकडेच मागावी लागे. 2005 ते 2009 या काळात लैंगिक अत्याचाराची 67 टक्के प्रकरणे त्यांनी चालवण्यास नकार दिला.

2013 मध्ये स्त्रियांवरील हिंसाचाराच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि घरगुती हिंसाचारापुरता बाहेरच्या आरोपीवर खटला चालवण्याचा अधिकार जमातींना परत मिळाला. 2022 मध्ये त्यात लैंगिक अत्याचार, पाठलाग आणि देहव्यापारासाठी होणारी मानवी तस्करी हे गुन्हेही आले. तो वापरण्यासाठी गरीब आरोपीला स्वखर्चाने वकील देणे, कायद्याचे शिक्षण घेतलेला न्यायाधीश नेमणे अशा अटी जमातीला पाळाव्या लागतात. त्यामुळे साडेपाचशेहून अधिक मान्यताप्राप्त जमातींपैकी मोजक्याच जमातींना तो प्रत्यक्ष वापरता आला आहे.